आधी वाट, मग वस्तू : मुंबईच्या घरातली अडगळ काढताना

घर आवरण्याबद्दलचा बहुतेक सल्ला मोठ्या घरांत राहणाऱ्यांनी दिलेला असतो. गॅरेज रिकामं करा, तळघर आवरा, प्रत्येक खोलीला एक शनिवार-रविवार द्या. आपल्याकडे वन बीएचके, त्यात चार-पाच माणसं, आणि सामान कोंबायला माळा, दिवाणाचं पोट, लोखंडी कपाटाचं डोकं आणि खिडकीची बॉक्स ग्रिल. एवढ्या जागेत तीन पिढ्यांचं सामान मावतं हाच खरं तर चमत्कार, आणि तो घडवणाऱ्या बाईचं कौतुक कोणी करत नाही.

पसाऱ्याला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एकच. वस्तू हातात धरून ‘ठेवू की टाकू’ असं विचारत बसू नका. ती घराबाहेर पडली तर जाणार कुठे, हे आधी ठरवा. रविवारी सकाळी माळ्यावरून उतरवलेलं सामान संध्याकाळी परत माळ्यावर चढतं. मोह सुटत नाही हे त्याचं कारण असतंच, पण बहुतेक वेळा ते घ्यायला दारात कोणी उभं नसतं, आणि रात्री तिथे गाद्या घालायच्या असतात. या बाबतीत मुंबई नशीबवान आहे. जुनी वस्तू घेणारा माणूस इथे जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहे.

पहिली पायरी : मुहूर्त

पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलैत काढलेली गादी वाळत नाही, दमट गोधडी परत आत ठेवली की बुरशी धरते, आणि ओल्या रद्दीला रद्दीवाला हात लावत नाही. मुंबईत सगळ्यात चांगले दिवस एप्रिल-मेचे. ऊन कडक असतं, मुलांना सुट्टी असते, गच्चीवर गाद्या-उशा टाकता येतात. घाम फार येतो, त्याला इलाज नाही. सकाळी सात ते नऊ एवढंच करा.

दिवाळीच्या तोंडावर करायची आपली जुनी पद्धत आहे, पण त्या आठवड्यात अख्खी सोसायटी रद्दी बाहेर काढते. भंगारवाल्याला वेळ नसतो आणि भाव तोच ठरवतो. नवरात्राच्या आधी उरकलेलं बरं. पितृपक्षात बरेच जण नवं काही घेत नाहीत, म्हणजे आत येणारं सामान आपोआप थांबलेलं असतं. जुनं काढायला तो पंधरवडा मला तरी सोयीचा वाटतो. घरातल्या मोठ्यांना चालणार नसेल तर वाद घालू नका, दुसरा पंधरवडा घ्या.

एका बैठकीला दोन तास पुरे. अख्खं घर एका रविवारात आवरायचा बेत म्हणजे संध्याकाळी भांडण ठरलेलं.

दुसरी पायरी : कोण काय घेतं

हे काम खोलीला हात लावण्याआधी करायचं. एका कागदावर आपल्या भागातली नावं आणि फोन नंबर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा.

रद्दीवाला सगळ्यांना माहीत असतो. वर्तमानपत्रं, मासिकं, वह्या, पुठ्ठे. वह्यांची आणि पेपरची रद्दी वेगळी बांधा, भाव वेगळा असतो. काटा स्प्रिंगचा असेल तर वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे ना ते बघा. रद्दीवाला रागावत नाही, त्यालाही ते सवयीचं असतं.

भंगारवाला लोखंड, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, बिघडलेला पंखा, मोडकी खुर्ची घेतो. तुमची फुटकी बादली आणि तुटका मग पुढे बहुधा धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी पोचतात. तिथे प्लास्टिक रंगाप्रमाणे आणि जातीप्रमाणे वेगळं करतात, दळतात, धुतात आणि त्याचे दाणे करून पुन्हा कारखान्याला देतात. तीच बादली ओल्या कचऱ्यात मिसळून टाकली तर कचऱ्याच्या गाडीतून डंपिंगला जाते. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं आहे, त्याचा डोंगर झालेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. म्हणून प्लास्टिकचं काहीही देताना पुसून, कोरडं करून द्या.

कपड्यांसाठी बोहारीण. जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देणारी ही बाई नवीन टॉवरमध्ये वॉचमन आत सोडत नाही म्हणून दिसेनाशी झाली आहे, पण चाळींत आणि जुन्या सोसायट्यांत अजून येते. तिच्याशी घासाघीस करण्यात मजा आहे हे मान्य. पण दहा साड्या देऊन एक पातेलं घरात आणलं तर एक वस्तू परत आत आलीच. पातेलं लागत नसेल तर सरळ पैसे मागा, ती कमी देईल, तरी पैसे घ्या. जरीच्या जुन्या साड्या मात्र तिला घाईत देऊ नका. खऱ्या जरीच्या साडीला वेगळी किंमत येते. दोन ठिकाणी दाखवून मगच सोडा. सुती साड्या मऊ झाल्या असतील तर गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत. गोधड्याही मोजक्याच हव्यात हे लक्षात ठेवा.

तांब्या-पितळेची भांडी भंगारात घालू नका. भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून देता येतात: जुनं पितळ वजनावर देऊन त्याच्या बदल्यात नवं भांडं किंवा पैसे. आजीचा बंब, घंगाळ, हंडा यांत जीव अडकलेला असतो म्हणून घरातले चटकन तयार होत नाहीत. त्यातलं एक ठेवा, ज्यात खरोखर रोज पाणी भराल किंवा कुंडी लावाल ते. बाकीची मोड.

पुस्तकांना वेगळी वाट. शाळेची गाइडं, अभ्यासक्रम बदललेली पुस्तकं, स्पर्धा परीक्षांचे जुने संच यांना रद्दीशिवाय गती नाही, त्यांना ग्रंथालयाच्या दारात सोडून पुण्य कमावू नका. कादंबऱ्या, चरित्रं, कवितासंग्रह चांगल्या अवस्थेत असतील तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात आधी यादी दाखवा. १८९८ पासून चाललेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांनाही जागेची अडचण आहेच. त्यांच्याकडे आधीच असलेली प्रत त्यांना नको असते. विकायचीच असतील तर फोर्टात हुतात्मा चौकाजवळ किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुन्या पुस्तकांचे विक्रेते आहेत.

वापरण्याजोगे कपडे, चादरी, शाळेची दप्तरं गूंजसारख्या संस्था घेतात. इथे एक नियम कडक पाळा: जे तुम्ही स्वतःच्या भावाला देऊ शकणार नाही ते पूरग्रस्तांनाही देऊ नका. बटण नसलेला शर्ट देणं हे दान होत नाही, तो कचरा टाकायचे कष्ट दुसऱ्यावर ढकलणं होतं. फाटकं असेल ते घरात पुसणी म्हणून, आणि पुसण्याही चारपेक्षा जास्त नकोत.

उरला तो अवघड कचरा. जुने मोबाइल, चार्जर, रिमोट, वायरींचा गुंता हे सगळं ई-कचऱ्यात. नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्यालाच द्या, किंवा ज्या कंपनीची वस्तू आहे ती परत घेते का विचारा. फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, फोनमधल्या आपल्या खात्यातून बाहेर पडा (साइन आउट), मग फोन पूर्ण कोरा करा. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब, एकटा ठेवा आणि लवकरात लवकर द्या. ट्यूबलाइट, सीएफएल दिवे आणि जुना थर्मामीटर यांत पारा असतो, ते न फोडता वेगळे ठेवा. मुदत संपलेल्या गोळ्या पाकिटासकट टाकल्या तर कोणीतरी त्या उचलून वापरू शकतं. गोळ्या बाहेर काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवी घट्ट बांधा, पाकीट कापून टाका.

बाथरूमच्या कामातून उरलेल्या लाद्या, कडाप्प्याचे तुकडे, अर्धं पोतं सिमेंट ग्रिलमध्ये पडलं असेल तर तो राडारोडा. त्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. वॉर्ड ऑफिसात चौकशी करा. ‘लादी फुटली तर लागेल’ म्हणून दोन लाद्या ठेवा, बारा नको.

तिसरी पायरी : जिथे जीव अडकत नाही तिथून सुरुवात

फोटोंचा अल्बम पहिल्या दिवशी उघडला की काम संपलं. सुरुवात पिशव्यांच्या पिशवीपासून. प्रत्येक मराठी घरात ओट्याखाली ती असते. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तरी त्या पिशवीचं वजन कमी झालेलं नाही, उलट त्यात आता कापडी पिशव्यांची भर पडली आहे: लग्नातल्या, दुकानांतल्या, बँकेच्या, नगरसेवकाचा फोटो असलेल्या. धड कापडी पिशव्या सहा ठेवा. दोन दाराच्या खिळ्याला, दोन ऑफिसच्या बॅगेत, दोन राखीव. बाकीच्या भाजीवाल्याला द्या, त्याला रोज लागतात.

मग डबे. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, हॉटेलातून जेवण आलं त्याचे काळे-पांढरे. झाकण आणि डबा यांची जोडी लावा, विजोड ते सगळं भंगारात. हॉटेलचे पातळ डबे पुन्हा गरम वरणाला वापरू नका, ते त्यासाठी केलेले नसतात. काचेच्या बरण्या लोणचं घालणाऱ्या शेजारणीला विचारून बघा, आनंदाने नेईल.

आता वाण आणि ओटी. हा विषय मुंबईत कोणी उघडपणे काढत नाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला दरवर्षी प्लास्टिकची चाळणी, छोटी परडी, पाकीट, साबणदाणी येते. आपणही पंचवीस वस्तू आणून वाटतो. म्हणजे पंचवीस घरांनी एकमेकींना पंचवीस वस्तू दिल्या आणि एकीलाही त्यांतली एक नको होती. ब्लाउजपीसचं तर विचारूच नका. तो कपाटातून कपाटात फिरतो, कोणी त्याचा ब्लाउज शिवत नाही. आलेले ब्लाउजपीस एका ठिकाणी काढा. चांगल्या सुती कापडाचे शिवणकाम शिकवणाऱ्या वर्गाला किंवा ओळखीच्या शिंपीणबाईंना द्या, पिशव्या-अस्तराला उपयोगी पडतात. आणि पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून संपणारी गोष्ट द्या: पाव किलो गूळ, चहाचा मसाला, तुळशीचं रोप, अगरबत्ती. एका घराने सुरू केलं की दोन वर्षांत अख्खी विंग तसं करते, हे मी पाहिलं आहे.

चौथी पायरी : कागद, आणि इथे जपून

कागदांच्या बाबतीत मी सगळ्यांना ‘थांबा’ म्हणते, कारण मुंबईत कागद म्हणजे घर.

पागडीच्या खोलीत राहत असाल तर जुन्या भाडेपावत्या कितीही पिवळ्या पडल्या असोत, एकही टाकू नका. झोपडपट्टीत घर असेल तर जुनं लाइट बिल, रेशन कार्ड, मतदार यादीतला उतारा हे पुरावे आहेत. पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० आणि सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११ या तारखा बघतात. १९९८ चं विजेचं बिल टॉवरमधल्या माणसाला रद्दी असेल, पण झोपडीतल्या माणसाला ते छप्पर मिळवून देतं. हक्काचं घर सोसायटीत असेल तर शेअर सर्टिफिकेट, खरेदीचा करार, त्याआधीच्या मालकांचे करार, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मुद्रांक आणि नोंदणीच्या पावत्या हे कायमचं. जन्म, मृत्यू, लग्न, वारस, विमा हेही कायमचं.

एरवीची ढिगाने असलेली जुनी लाइट बिलं, मोबाइलची बिलं, वॉरंटी संपलेल्या मिक्सरचं पुस्तक, मुलाच्या पहिलीपासूनच्या प्रत्येक चाचणीचे पेपर जाऊ द्या. करासंबंधीचे कागद किती वर्षं ठेवायचे ते आपल्या सीएला विचारा, शेजाऱ्याला नको. आधार, पॅन, बँकेचे आकडे असलेला कागद रद्दीत अख्खा देऊ नका. आकडे येतात तिथून बारीक फाडा, पाण्यात भिजवा, मग टाका.

ठेवायचे कागद एकाच फाइलमध्ये, जाड प्लास्टिकच्या पाकिटात, आणि उंचावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कलिना-कुर्ल्याकडच्या तळमजल्यांवरच्या घरांत सगळ्यात मोठं नुकसान कपाटाच्या खालच्या कप्प्याचं झालं. सरकारी कागद २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्ये मिळतात ते घेऊन ठेवा, पण घराचे मूळ करार मूळच लागतात. फाइल कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना माहीत असू दे. एकट्या बाबांना माहीत असणं धोक्याचं.

पाचवी पायरी : माळा आणि दिवाण

माळ्यावर एकटं चढू नका. स्टुलावर खुर्ची ठेवून तर मुळीच नको; एकाने शिडी धरायची, एकाने चढायचं, आणि साठीपुढच्यांनी खाली बसून हुकूम सोडायचे. तोंडाला रुमाल बांधा. उंदराची विष्ठा दिसली तर कोरडा झाडू न मारता आधी पाण्यात जंतुनाशक घालून शिंपडा.

माळ्यावर काय निघतं ते सगळ्यांचं सारखंच. टीव्हीचा रिकामा खोका, शिफ्ट करायचं झालं तर लागेल म्हणून. चाक मोडलेली बॅग, तिच्यात दुसरी बॅग, तिच्यात आहेरातल्या सहा आइस्क्रीमच्या वाट्या. रुखवतातला थर्माकोलचा बंगला. सत्काराच्या शाली आणि ‘स्मृतिचिन्ह’ लिहिलेली लाकडी ढाल. मुलाचं पाळण्यातलं खेळणं, जो आता आयटीत आहे. यातल्या शाली थंडीच्या दिवसांत स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना द्या, रात्री स्वतः जाऊन. ढालींचा फोटो काढा आणि त्या भंगारात द्या. मान माणसाला मिळालेला असतो, तो लाकडासोबत जात नाही. ठेवायचीच असेल तर एक.

दिवाणाचा हिशेब मात्र कागदावर मांडा. सहा बाय चारचा दिवाण म्हणजे चोवीस चौरस फूट. तुमच्या भागात घराचा दर समजा वीस हजार रुपये चौरस फूट असेल, तर त्या दिवाणाखालची जमीन चार लाख ऐंशी हजारांची झाली. आत काय आहे? पाहुण्यांच्या चार गाद्या, ज्यावर गेल्या गणपतीनंतर कोणी झोपलेलं नाही. पाहुणे येऊच नयेत असं नाही. दोन गाद्या ठेवा, जास्त लागल्या तर शेजारून आणता येतात, आणि मंडपवाले भाड्यानेही देतात.

एक जागा मात्र ताबडतोब मोकळी करायची: जिना आणि पॅसेज. चपलांचं कपाट, सायकल, जुना वॉशिंग मशीनचा सांगाडा दाराबाहेर ठेवणं म्हणजे घरातली अडगळ शेजाऱ्याच्या वाटेत ठेवणं. आग लागली तर अंधारात, धुरात, म्हाताऱ्या माणसाला धरून त्याच जिन्याने उतरायचं असतं. यावर सोसायटीच्या नोटिशीची वाट बघू नये.

सहावी पायरी : दुसऱ्याच्या वस्तू

घरातली निम्मी अडगळ आपली नसतेच. सासूबाईंची असते, बाबांची असते, दिराची असते जो पुण्याला गेला आणि कॅरम ठेवून गेला.

त्यांच्या माघारी काही टाकू नका. एकदा तसं झालं की पुढची दहा वर्षं हरवलेली प्रत्येक वस्तू तुम्हीच टाकली असं धरलं जातं. विचारण्याची पद्धत बदला. ‘आई, हे टाकूया का?’ असं विचारलं की उत्तर ‘असू दे’ हेच येणार. त्याऐवजी ‘आई, हे कोणाला द्यायचं?’ असं विचारून बघा. लगेच त्या विचार करतात, मंदाच्या सुनेला उपयोगी पडेल का, खालच्या कामवालीच्या मुलीचं लग्न आहे तिला दे. वस्तूला घर मिळालं की हात सुटतो. त्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून साखर आणली, रॉकेलसाठी डबा घेऊन ताटकळल्या, एका भांड्याचे हप्ते फेडले. जमवणं ही त्यांच्या काळातली शहाणपणाची गोष्ट होती. त्याला ‘कचरा’ म्हणणाऱ्या सुनेचं कोण ऐकेल?

गेलेल्या माणसाच्या वस्तूंना घाई नको. वर्षश्राद्ध होईपर्यंत कपाट तसंच राहिलं तरी चालतं. पण ‘कधीतरी’ असं मोघम ठेवू नका, महिना ठरवा आणि भावंडांना बोलवा. प्रत्येकाने एक वस्तू न्यावी. चश्मे नेत्रदानाशी किंवा डोळ्यांच्या शिबिरांशी संबंधित संस्था घेतात का विचारा. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची तर ताबडतोब द्या, ती कोणाला तरी आजच हवी असते.

देवांच्या जुन्या तसबिरी हा आणखी एक अडलेला विषय. त्या लोक रात्री गुपचूप पिंपळाखाली किंवा समुद्रावर ठेवून येतात, मग भरतीला काचा किनाऱ्यावर येतात आणि कोणाच्या तरी पायात घुसतात. फ्रेम उघडा. काच वेगळी जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून द्या; लाकूड वेगळं; चित्राचा कागद पाण्यात विरघळवून तुळशीत किंवा कुंडीत घाला. नमस्कार करून केलं की घरात कोणाची हरकत राहत नाही.

सातवी पायरी : सवयी

वस्तू गेल्या तरी ज्या चार-पाच वाक्यांनी त्या आत आणल्या ती वाक्यं घरातच असतात. ती ओळखता आली तर निम्मं काम झालं.

‘असू दे, लागेल कधीतरी.’ यावर माझा साधा उपाय: अशी वस्तू एका खोक्यात घाला, खोक्यावर आजची तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच सुमारास उघडा. वर्षभरात हात लागला नसेल तर वाट दाखवा. कधीतरी एखादी वस्तू गेल्यानंतर खरंच लागते, नाही असं नाही. ती मग चाळीस-पन्नास रुपयांना कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

‘फुकट मिळतंय.’ डिटर्जंटबरोबरची बादली, प्रदर्शनातले पेन, परिषदेतल्या बॅगा. नको म्हणायला शिकणं थोडं अवघड जातं, कारण नको म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात. ‘घरी आहे हो, दुसऱ्या कोणाला होईल’ एवढं हसून म्हटलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

‘पैसे मोजलेत.’ मोजले, आणि गेले. ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घातल्याने ते परत येत नाहीत. आज विकली तर काही तरी येतील, आणि हॉलमधला कोपरा मोकळा होईल.

‘चांगलं म्हणून ठेवलंय.’ ही मात्र सवय मला सगळ्यात जास्त खुपते. चांगला डिनर सेट पाहुण्यांसाठी, घरच्यांना कपच्या उडालेल्या ताटल्या. पैठणी लग्नकार्यासाठी, घडीवर चिरत चाललेली. नवी चादर प्लास्टिकमध्ये. मुंबईच्या दमट हवेत ठेवलेलं चांगलं तसंही चांगलं राहत नाही: रेशमाला डाग पडतात, कसर लागते, रबर चिकट होतं, चामड्याला बुरशी येते. काचेच्या कपाटातला सेट खाली काढा आणि उद्यापासून त्यात जेवा. जुन्या ताटल्या भंगारात. यात टाकायचं फारसं काही नसतं, तरी घर हलकं होतं.

आणि ‘सगळं मीच बघायचं का?’ हे वाक्य. पसाऱ्याबरोबर ते प्रत्येक घरात ऐकू येतं आणि बहुधा खरंही असतं. पण ते धुसफुसत म्हणण्यापेक्षा काम वाटून घेतलेलं बरं. रद्दी बाबा, ई-कचरा मुलगा, कपडे ज्याचे त्याने. कपड्यांची ती एक खुर्ची असते ना, ना धुतलेले ना मळलेले, तिचा मालक ठरवा. खुर्चीला मालक मिळाला की ढीग निम्मा होतो. ज्याच्यावर काम सोपवलं त्याने ते तुमच्या पद्धतीने केलं नाही तर गप्प राहायचं. हे सगळ्यात अवघड आहे, मला अजून नीट जमत नाही असं म्हणणाऱ्या बायका मला रोज भेटतात.

एक वेगळी गोष्ट सांगणं गरजेचं आहे. घरात चालायला वाट उरलेली नाही, स्वयंपाकाचा ओटा किंवा बाथरूम वापरता येत नाही, आणि एक कागद उचलला तरी घरातलं माणूस कासावीस होतं, असं असेल तर तो आळस किंवा हट्ट समजू नका. वस्तू साठवण्याचा हा विकार आहे, आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या प्रमाण वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. अशा घरात जबरदस्तीने सफाई केली तर माणूस जास्त बिथरतं. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीत बोलता येतं; तिथून सुरुवात करा.

आठवी पायरी : इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर

मुंबईत आज हजारो घरं या वळणावर आहेत. घर रिकामं करायची नोटीस येते आणि दोन महिन्यांत तीन पिढ्यांचं सामान टेम्पोत भरायचं असतं. तेव्हा वरच्या सगळ्या पायऱ्या एकदम अंगावर येतात. सभासदांच्या बैठका सुरू झाल्या, आराखडे दाखवायला लागले, तेव्हापासूनच सुरुवात करा. भाड्याच्या घरात काही वर्षं जाणार, तिथला माळा मालकाच्या सामानाने भरलेला असतो. टेम्पोचं आणि हमालीचं भाडं फेऱ्यांवर असतं, म्हणजे अडगळ न्यायलाही पैसे पडतात. सोसायटीने सगळ्यांसाठी एकच दिवस ठरवून भंगारवाल्याला, ई-कचरावाल्याला आणि कपडे घेणाऱ्या संस्थेला आवारात बोलावलं तर भाव चांगला मिळतो आणि म्हाताऱ्यांची वणवण वाचते.

नव्या घराचा ताबा मिळाला की दुसरा धोका. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नवी घरं मिळाली: १९२० च्या दशकातल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. एवढी जागा एकदम मिळाली की पहिला फोन सुताराला जातो, आणि तो भिंत दिसेल तिथे कपाट आणि छत दिसेल तिथे माळा काढतो. त्याला माप घेऊ देण्याआधी प्रत्येक कप्प्यात काय राहणार याची यादी त्याच्या हातात द्या. ज्या कप्प्यासमोर काही लिहिता येत नाही तो कप्पा करून घेऊ नका, आणि माळ्याचं काम पुढच्या दिवाळीनंतर बघू असं सांगून त्याला चहा पाजून परत पाठवा.